आधी पाणी, मग पत्रा, मग रेक्झिन

वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीच्या आतलं काम

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून जुन्या फियाट आणि ॲम्बॅसॅडरच्या आतल्या कामाबद्दल सतत पत्रं येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, रेक्झिन कुठलं घ्यावं आणि रंग कुठला. आमची विनंती एवढीच की रेक्झिनच्या दुकानात जायच्या आधी गाडीत पाणी कुठून येतं ते शोधा. आपल्याकडे चार महिने पाऊस आहे आणि पश्चिमेला खानापूर-जांबोटीकडे तर तो सोडतच नाही. गळक्या गाडीत बसवलेलं उत्तम रेक्झिन दोन पावसाळ्यांत वास मारू लागतं आणि त्याखाली गंज चढत राहतो तो वेगळाच. म्हणून या वेळी उत्तरांचा क्रमही तसाच ठेवला आहे. पाणी आणि पत्रा आधी, शिवण नंतर.

प्रश्न : आमची १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे. पावसात बाहेर उभी राहिली की ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट ओलं होतं. उचलून पाहिलं तर खालचा नमदा भिजून काळा पडलाय आणि पत्र्याला खवले सुटलेत. वरून फायबर मारून कार्पेट टाकू, असं गॅरेजवाले म्हणतात. चालेल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : फायबर नको, आणि कार्पेटही आत्ताच नको.

पहिल्यांदा ते पाणीच आहे ना याची खात्री करा. ओल बोटाला तेलकट, निसरडी लागली आणि ती पेडलच्या आसपासच असेल, तर ते ब्रेक किंवा क्लचचं ऑइल असू शकतं. ते रंग खातं आणि त्याचा बंदोबस्त ब्रेकच्या कारागिराकडून त्याच दिवशी करून घ्यायला हवा. पाणीच असेल तर मॅट, नमदा सगळं बाहेर काढा, गाडी उन्हात पूर्ण वाळवा आणि फरशीच्या पत्र्यावर, डॅशबोर्डखालच्या भिंतीवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. पाणी आलं की पावडरीत त्याची वाट उमटते.

आता साध्या नळीने, तोंडाला नोझल न लावता, पाणी सोडायचं. सुरुवात नेहमी खालून करा. आधी दाराखालचा उंबरठा, मग दाराचे बिजागर, मग दाराची वरची कड, मग पुढच्या काचेचे खालचे दोन कोपरे, मग काचेची वरची कड, आणि शेवटी बॉनेटमागची हवेची जाळी. एकेका जागी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळीकडून जातं आणि नेमकं कुठून आत शिरलं ते कळत नाही. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पंप वापरू नका, त्याने चांगल्या रबरातूनही पाणी घुसतं. एकाने बाहेर नळी धरायची, दुसऱ्याने आत उताणं होऊन टॉर्चने डॅशबोर्डखाली पाहत राहायचं. या वयाच्या गाड्यांत चोर जागा ठरलेल्या आहेत : पुढच्या काचेच्या रबराचे खालचे कोपरे, वायरी आणि केबली जिथून इंजिनकडे जातात तिथली रबरी बुचं, फरशीच्या भोकांची बुचं आणि दाराच्या बीडिंगचा पुढचा खालचा भाग.

काचेचं रबर कडक झालं असेल तर नवीनच बसवा. रबरावर सिलिकॉन फिरवून दिलं जातं, पण जुन्या मळलेल्या रबराला ते धरत नाही, उलट आत शिरलेलं पाणी कोंडून ठेवतं. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते तर उघड्या पत्र्याला गंज चढवतं. नवीन रबर आधी काचेवर चढवायचं, त्याच्या आतल्या खाचेत ५-६ मिमीची दोरी सगळीकडून फिरवायची आणि दोन्ही टोकं खालच्या मधोमध एकमेकांवरून चढवून आत लोंबती सोडायची. खाचेला साबणाचं पाणी लावा. तेल लावू नका, तेलाने रबर फुगतं. बाहेरून एकाने तळव्याने दाबत राहायचं, आतून दुसऱ्याने दोरी हळूहळू ओढायची. रबराची आतली ओठी पत्र्याच्या कडेवर आपोआप चढत जाते.

मग फरशी. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने सगळा पत्रा टोचून पाहा. टोक आत गेलं नाही, तर गंज वरवरचा आहे. तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पेपर, मग फॉस्फोरिक ॲसिडचं गंज-निवारक, डब्यावर सांगितल्याप्रमाणे पुसून पूर्ण कोरडं, आणि इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. नुसता रेड ऑक्साइड मारून सोडू नका. त्यातून ओल आत जाते, वर रंगाचा हात लागतोच. पत्र्याच्या जोडांवर सीम सीलर भरा.

टोक आरपार गेलं तर मात्र घट्ट पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि २० गेजचा (सुमारे ०.९ मिमी) सीआर (कोल्ड-रोल्ड, जस्त नसलेला) पत्रा वेल्ड करायचा. जीआय पत्रा घेऊ नका, त्यावरच्या जस्ताचा धूर विषारी असतो आणि वेल्डिंगही सच्छिद्र होतं. सलग शिवण न घालता छोटे टाके, एक इकडे एक पार तिकडे, असे मारत जा म्हणजे पत्रा तापून वाकणार नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा, सीटा बाहेर काढा, आणि त्याच जागी पत्र्याच्या खालच्या बाजूने पेट्रोलची किंवा ब्रेकची नळी जाते का ते वाकून बघा. जात असेल तर आधी ती सोडवून बाजूला करा. पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट हाताशी हवंच, आणि काम संपल्यावर अर्धा तास गाडीजवळून हलायचं नाही.

फायबरला विरोध अशासाठी की गंजावर फायबर बसलं की त्याखाली ओल कोंडते आणि पत्रा न दिसता संपतो. सीटचे नट आणि सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसतात तिथे तर फायबर म्हणजे जिवाशी खेळ आहे. ब्रेक मारताना माणसाचं सगळं वजन त्या पत्र्यावर येतं.

शेवटी अंथरायला नमदा नको. ५-६ मिमीचा, पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम घ्या आणि तो चिकटवू नका. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उचलून खाली हात फिरवता आला पाहिजे.

प्रश्न : ॲम्बॅसॅडरच्या दारांचे आतले पुठ्ठे दर पावसाळ्यात खालून फुगतात. दोनदा बदलले. काच गळत नाही, दार नीट लागतं. मग पाणी येतं कुठून?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : काचेच्या फटीतूनच येतं, आणि ते तसं येणारच. काच वर-खाली होते त्या फटीतून थोडं पाणी दाराच्या पोटात जातं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं, अशीच दाराची रचना आहे. भोकं बुजली की पाणी आत साठतं. दार आणि पुठ्ठा यांमधला प्लास्टिकचा कागद फाटला किंवा मागच्या कारागिराने फेकून दिला असेल, तर तेच पाणी थेट पुठ्ठ्याला लागतं. दोनदा पुठ्ठा बदलूनही फुगला, याचा अर्थ दोन्ही वेळा कागद राहून गेला असणार.

हँडल काढताना घाई नको. जुन्या गाड्यांत दोन पद्धती दिसतात. एकात हँडलामागची गोल चकती पुठ्ठ्याकडे दाबली की एक आडवी पिन दिसते, ती बारीक खिळ्याने बाहेर ढकलायची. दुसऱ्यात मागे यू आकाराची तारेची क्लिप असते, ती फडक्याचं टोक मागून घासत फिरवलं की सुटते. ती उडून हरवते, म्हणून दुसरा हात आडवा धरा. पुठ्ठ्याच्या क्लिपा रुंद पात्याने, क्लिपच्या अगदी शेजारी पातं घालून उचला. लांबून उचकटलं तर पुठ्ठ्याचं भोकच फाटतं.

दाराच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा, आतला चिखल नळीने धुऊन काढा. आपल्या तांबड्या मातीचा थर आत घट्ट बसलेला असतो, एकदा धुऊन भागत नाही. वाळल्यावर तळाच्या जोडात पातळ गंजरोधक मेण किंवा अंडरबॉडी वॅक्स सोडा, पण भोकं पुन्हा बुजवू नका. काचेच्या बाहेरच्या बाजूची रबरी पट्टी झिजली असेल तर तीही बदला, म्हणजे आत जाणारं पाणीच कमी होईल.

आता तो कागद. २०० मायक्रॉनचं प्लास्टिक दाराच्या मापाने कापा आणि कडेने ब्युटाइल टेप लावून चिकटवा. इथेच सगळी गोम आहे : प्लास्टिकची खालची कड पुठ्ठ्याच्या बाजूला लोंबती ठेवायची नाही, ती दाराच्या खालच्या चिरेतून आत, दाराच्या पोटात सोडायची. म्हणजे प्लास्टिकवरून ओघळलेला थेंब पुन्हा दारातच पडतो आणि भोकातून निघून जातो.

पुठ्ठ्यासाठी ३ मिमी हार्डबोर्ड किंवा ३ मिमी मरीन प्लाय चालेल. जुना पुठ्ठा फुगून वेडावाकडा झालेला असतो, त्यामुळे बाहेरची कड त्यावरून आखा, पण क्लिपांची भोकं दारावरूनच मोजून घ्या. कापून, भोकं पाडून झाल्यावर दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कडांना व भोकांच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटचे दोन हात द्या. ओल कडेतूनच शिरते. पीव्हीसीची फोम शीट स्वस्त आणि वॉटरप्रूफ म्हणून गळ्यात मारतात, ती घेऊ नका. उन्हात बंद गाडीत ती मऊ पडते आणि क्लिपा ओढून बाहेर येतात.

प्रश्न : पद्मिनीच्या पुढच्या-मागच्या दोन्ही बाकड्यांची सीट घरी करायची आहे. रेक्झिन किती लागेल? फोम कुठला? घरच्या शिलाई मशीनवर शिवता येईल का?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : शेवटच्यापासून सुरुवात करू. घरच्या मशीनवर नाही. रेक्झिनचे चार थर आणि पायपिंग (शिवणीत बसवलेली गोल कड) एकत्र आलं की सुई मोडते किंवा टाके सुटतात. पण कापणं, आखणं, फोम बसवणं आणि कव्हर चढवणं हे सगळं घरी होतं. कापलेले तुकडे खुणा करून रिक्षाच्या टपवाल्याकडे किंवा कुशनवाल्याकडे नुसते शिवायला द्या. त्याला चार गोष्टी सांगून ठेवा : १८ नंबरची सुई, नायलॉन किंवा पॉलिस्टरचा जाड दोरा, टाका साडेतीन ते चार मिमीचा, आणि शिवणीची बाजू १२ मिमी. सुती दोरा पावसाळ्यात कुजतो. टाके फार बारीक घेतले तर रेक्झिनला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग पडते आणि बसता-उठता तिथेच फाटतं.

जुनं कव्हर काढण्याआधी प्रत्येक बाजूने फोटो घ्या. सीटच्या चौकटीला ते लोखंडी रिंगांनी आणि कापडाच्या बोळात (कड दुमडून शिवलेल्या नळीत) घातलेल्या तारेने ताणलेलं असतं. रिंगा कापून टाका, पण तारा जपून ठेवा, त्या पुन्हा वापरायच्या आहेत. कव्हर उसवण्याआधी प्रत्येक तुकड्यावर खडूने नाव लिहा (पुढची बैठक, डावी बाजू, वरची कड असं), आणि शेजारच्या दोन तुकड्यांवर दर १५ सेंमीला समोरासमोर छोट्या खुणा करा. शिवताना या खुणा जुळल्या तरच कव्हर पिळत नाही. जुनं रेक्झिन आकसलेलं असतं, म्हणून त्यावरून थेट नवीन कापू नका. आधी जुन्या चादरीवर माप काढून, टाचण्या लावून, सीटवर चढवून पाहा. काम पूर्ण होईपर्यंत जुना एकही तुकडा फेकू नका.

आता खालचा सांगाडा. मोडलेली नागमोडी स्प्रिंग वेल्ड करून देतात, ती सहसा वेल्डच्या शेजारी पुन्हा मोडते, कारण उष्णतेने तिथल्या पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलेला असतो. बदली स्प्रिंग लावणंच बरं. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर गेली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडकडे जुन्या सुट्या भागांचा बाजार आहे, चौकशी तिथूनच सुरू करा. सांगाडा घासून, प्रायमर मारून, काळा रंग द्या.

स्प्रिंगांवर थेट फोम ठेवायचा नाही. फोम भुगा होतो तो वरून बसल्याने नव्हे, खालून स्प्रिंगेच्या तारेने कापल्याने. आधी जाड गोणपाट ताणून सुतळीने सगळ्या बाजूंनी चौकटीला बांधा. त्यावर १०-१२ मिमीचा रीबाँडेड फोम किंवा चांगला काथ्याचा थर, आणि वर ४० डेन्सिटीचा ५० मिमी फोम. पाठीला ३२ डेन्सिटी पुरते. गादीवाले स्वस्तातला हलका फोम दाखवतात, तो वर्षभरात दबतो. चिकटवण्याआधी नुसतं रचून, सीट गाडीत ठेवून बसून पाहा. मूळ उंचीपेक्षा सीट दोन इंच जरी वर आली, तरी मांड्या स्टीअरिंगला आणि डोकं टपाला लागतं. मग काथ्याचा थर कमी करायचा, फोम नाही.

रेक्झिन ५४ इंच पन्ह्याचं मिळतं. दोन्ही बाकड्यांना पट्ट्यांची शिवण धरून साधारण ६ ते ७ मीटर, चार दारांना दोन-अडीच मीटर, आणि पायपिंग व चुकभूल धरून एकूण १० मीटर घ्या. सगळं एकाच ताग्यातून घ्या. नंतर आणलेल्या मीटरभराची छटा हमखास वेगळी निघते. जाडी एक मिमीच्या आसपास आणि मागे विणलेलं कापड असलेलंच घ्या. कापताना सगळे तुकडे एकाच दिशेने ठेवा. रेक्झिन एका अंगाने जास्त ताणतं, आणि दिशा बदलली की उन्हात रंगही वेगळा दिसतो.

पट्ट्या घालताना होणारा घोळ आधीच सांगतो. १० मिमी फोम आणि मागे पातळ कापड लावून रेक्झिनवर उभ्या रेघा शिवल्या की प्रत्येक रेघ ३ ते ५ मिमी रुंदी खाते. तीस रेघा म्हणजे ९ ते १५ सेंमी गेले. म्हणून मोठा तुकडा घेऊन आधी सगळ्या रेघा शिवायच्या, आणि मग त्यावर माप ठेवून कापायचं. उलट केलं तर बैठकीचा तुकडा सीटपेक्षा लहान होतो आणि ते रेक्झिन वाया जातं.

चढवताना कव्हर आणि सीट दोन्ही तासभर उन्हात ठेवा. फोमवर पातळ प्लास्टिकची पिशवी पसरली की कव्हर सरकतं. बसलं की पिशवी ओढून काढा. आधी मधोमध रिंगा लावा, मग समोरासमोर ताणत कोपऱ्यांकडे जा. एका टोकाकडून सुरू केलं तर पट्ट्या तिरक्या जातात, आणि त्या नंतर कशानेही सरळ होत नाहीत.

प्रश्न : मूळ रेक्झिन अजून फाटलेलं नाही, पण कडक झालंय. खोबरेल तेल चोळलं तर मऊ होईल का? पेट्रोलने पुसावं असंही कुणी सांगितलं.
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : दोन्ही नको. रेक्झिनला मऊ ठेवणारा घटक ऊन आणि उष्णतेने वर्षानुवर्षं बाहेर पडत असतो, तेलाने तो परत येत नाही. तेलाने धूळ चिकटते आणि शिवणीला बुरशी लागते. पेट्रोल आणि थिनर तर उरलेला घटकही ओढून घेतात, म्हणजे आज चमक आणि सहा महिन्यांत भेगा. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, लगेच कोरडं पुसणं, आणि गाडीच्या काचांना आतून आडोसा. मूळ रेक्झिन जितकं टिकेल तितकं टिकवा. त्यावरची साच्यात दाबलेली नक्षी घरी करता येत नाही.

प्रश्न : १९७०च्या ॲम्बॅसॅडरचं टपाचं आतलं कापड लोंबतंय आणि शिवणीत फाटलंय. गोंद लावून वर चिकटवता येईल का? नवीन करायचं झालं तर कधी करावं?
– एक वाचक, संकेश्वर

उत्तर : चिकटवता येणार नाही, कारण ते मुळात टपाला चिकटवलेलं नसतंच. ते आडव्या लोखंडी सळ्यांवर ताणलेलं असतं आणि फक्त कडेने गोंद असतो. कधी करावं, तर मार्च-एप्रिलमध्ये. पावसाळ्यात मुळीच नाही. एसआर ९९८सारख्या रबराच्या गोंदातला द्रव उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतली वाफ त्यावर बसते, गोंदाला पांढुरकी साय येते आणि तो धरत नाही. जुलैत बसवलेली कड पुढच्या उन्हाळ्यात सुटते ती याने.

बहुतेक जुन्या गाड्यांत कापडाची पुढची-मागची कड काचेच्या रबराखाली गेलेली असते, म्हणजे दोन्ही काचा काढाव्या लागतात. पहिल्या उत्तरात सांगितलेलं काचेच्या रबराचं काम याच वेळी उरका. सळ्या काढताना प्रत्येकीवर टेप लावून पुढून मागे १, २, ३ असे नंबर आणि डावी-उजवी बाजू लिहा. प्रत्येक सळीची लांबी आणि बाक वेगळा असतो. ती कुठल्या भोकात होती तेही लिहा, कारण काही ठिकाणी शेजारी-शेजारी दोन भोकं असतात. मागची सळी टपाला तारेच्या आकड्याने ओढून धरलेली असेल तर तो आकडा जपा. तो नसेल तर सगळं कापड पुढे सरकतं.

उघड्या टपाचा गंज काढा, प्रायमर मारा, आणि आतल्या दिव्याची वायर नवीन घालून घ्या. नंतर तिथे हात पोचत नाही. आवाज आणि उष्णतेसाठी ३-५ मिमी बंद छिद्रांचा फोम चिकटवायचा असेल तर सळ्या त्याला घासणार नाहीत हे पाहा.

नवीन कापड जुन्यापेक्षा दोन्ही बाजूंना ८-१० सेंमी जास्त ठेवून कापा. सळ्यांचे बोळ नेमक्या जुन्याच अंतरावर शिवायला हवेत. दोन बोळांतलं अंतर एक सेंमी चुकलं तरी सुरकुती कायमची राहते. कापडाची मधली रेघ आणि टपाची मधली रेघ, दोन्हींवर खडूची खूण करा. कापड उन्हात तापवा, सळ्या घाला, आणि मागच्या सळीपासून पुढे येत एकेक भोकात बसवा. आधी मागची कड मधोमध चिकटवा, मग पुढून ओढून पुढची मधोमध. त्यानंतर बाजू. बाजूला प्रत्येक सळीजवळ बोळाचं टोक थोडं थोडं कापत जायचं म्हणजे कापड मोकळं होऊन खाली ओढता येतं. बोळ न कापता ओढलं तर सळीपासून कोपऱ्याकडे तिरकी घडी पडते, आणि एकदम जास्त कापलं तर भोक दिसतं. एका वेळी एक सेंमी पुरे.

गोंद दोन्ही बाजूंना लावून १०-१५ मिनिटं थांबा. बोटाला चिकटेनासा झाला की मगच जोडा. ओला असताना जोडला तर कापड परत सरकतं. पहिल्या फेरीत चिमट्यांनी नुसतं धरून ठेवा आणि गाडी दुपारभर उन्हात उभी करा. दुसऱ्या दिवशी सैल दिसेल तिथे ओढून पक्कं करा. बारीक सुरकुत्यांना हेअर ड्रायर, तोही लांबून. दोन माणसं असल्याशिवाय हे काम सुरू करू नका.

प्रश्न : १९६८ची फियाट ११०० डिलाइट आहे. व्हिंटेज नोंदणी करायची आहे. आतलं रेक्झिन बदललं तर अडचण येईल का?
– एक वाचक, अनगोळ, बेळगाव

उत्तर : २०२१च्या जुलैमध्ये केंद्राने जे नियम केले त्यात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवरची, बिगर-व्यावसायिक, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज धरली आहे. सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. सीटच्या कव्हरचा त्यात वेगळा उल्लेख नाही. तरी मूळ रंग, मूळ नक्षी आणि बाकडी पद्धतीची सीट ठेवा, आणि बदलाआधीचे फोटो जपून ठेवा. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये, आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या : अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच आणता येते. रोज बाजाराला नेत असाल तर नेहमीचीच नोंदणी चालू ठेवा.

प्रश्न : गाडी शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. सीटवर पांढरी बुरशी येते आणि मागच्या सीटमध्ये उंदरांनी घर केलं. काय करावं?
– एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : मागची सीट बाहेर काढून आतला काथ्या पूर्ण फेकून द्या. उंदराचं मूत्र शिरलेला काथ्या धुऊन स्वच्छ होत नाही, आणि स्प्रिंगा व पत्रा त्यानेच झपाट्याने गंजतात. काम उघड्यावर, मास्क आणि हातमोजे घालून करा. कोरडा झाडू मारू नका, आधी जंतुनाशक शिंपडून ओलं करून मग गोळा करा. मग वायरी तपासा, विशेषतः मागच्या दिव्यांकडे जाणाऱ्या. कुरतडलेली वायर टेपने गुंडाळून ठेवू नका, तेवढा तुकडा कापून नवीन जोडा. पेडल आणि केबलींच्या भोकांची बुचं नवीन घाला, मोठ्या फटींना बारीक लोखंडी जाळी लावा.

बुरशी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आधी कोपऱ्यात लावून रंग जात नाही ना ते बघा. ब्लीचिंग पावडर वापरू नका, ती दोरा आणि लोखंड दोन्ही खाते. पावसाळ्यात शेड कोरडी असेल तर काचा बोटभर उघड्या ठेवा आणि आतून जाळी लावा. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, जमिनीची वाफ त्यात कोंडते. कापडी कव्हर घाला. ऊन पडेल त्या दिवशी चारही दारं उघडून गाडी दोन तास बाहेर उभी करा.

प्रश्न : स्टीअरिंग व्हीलला भेगा आहेत आणि स्पीडोमीटरचा काटा थरथरतो. दोन्ही घरी होईल का?
– एक वाचक, हुक्केरी

उत्तर : होईल. भेग आतल्या लोखंडी कड्यापर्यंत गेली असेल तर आधी करवतीने ती व्ही आकारात रुंद करा. बारीक भेगेत भराव धरत नाही. गंज घासून एम-सील किंवा तसाच इपॉक्सी भराव ठासून भरा, पूर्ण दिवस कडक होऊ द्या, मग १२०, २४० आणि ४०० नंबरचा पेपर या क्रमाने घासा. प्रायमर आणि टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग. साधा ऑइल पेंट हाताच्या घामाने चिकट होतो. लोखंडी कडंच मोडलं असेल किंवा मधल्या बोसाला (व्हील दांड्यावर बसतं त्या भागाला) तडा असेल तर ते व्हील वापरू नका, दुसरं शोधा.

काटा थरथरतो तो बहुतेक वेळा कोरड्या किंवा कुठेतरी मुडपलेल्या केबलने. आतली तार ओढून काढा, पेट्रोलने धुवा, टेबलावर सरळ ठेवून बोटांत फिरवा. एखाद्या जागी टोक उडी मारत असेल तर तार वाकलेली आहे, बदला. सरळ असेल तर गिअरबॉक्सकडच्या दोन-तृतीयांश भागाला पातळ ग्रीस लावा, मीटरकडचा भाग कोरडा ठेवा. वरपर्यंत लावलं तर फिरता फिरता ग्रीस चढून मीटरच्या आत जातं, आणि मग काटा एकाच जागी अडकतो. बसवताना केबलला कुठेही तीव्र वळण येऊ देऊ नका. आवरणाला १५ सेंमीपेक्षा लहान त्रिज्येचं वळण दिलं तर नवीन केबलही थोड्याच दिवसांत खडखडू लागते.